टिचबटण लावलंत का?

आधी एक सांगा. तुमचा फोन आत्ता कुठे आहे? खिशात? नक्की? हात लावून बघा बरं एकदा. रागावू नका. माझा स्वभावच संशयी आहे, आणि तो तसा का झाला तेच सांगायला मी आज तोंड उघडलंय.

मी एक पिशवी बोलतेय. बाजारात जाणारी नव्हे, तेवढं माझं पोट नाही. वीतभर लांब, चार बोटं रुंद, आतून मऊ फ्लॅनेलचं अस्तर, वर झाकण आणि झाकणाला एक टिचबटण. माझ्यात एकच वस्तू राहायची, गाडी चालवणाऱ्या माणसाचा फोन. गाडी सुरू व्हायच्या आधी तो आत जायचा आणि बंद झाल्यावर बाहेर यायचा. मधल्या वेळात माझं तोंड मिटलेलं. मला डोळे नाहीत, पण कापडाला ऐकू येतं, ऊब कळते, आणि आपल्याला धरणारा हात थरथरतोय की नाही हेही कळतं.

माझा जन्म झाला तो एका पँटच्या डाव्या पायातून. पँट दादाची. दादा म्हणजे डायलिसिस सेंटरच्या गाडीचा ड्रायव्हर. ज्यांच्या किडन्या दमल्या आहेत अशा माणसांना सकाळी घरून उचलायचं, सेंटरला सोडायचं, चार तास मशीनवर रक्त धुऊन झालं की दुपारी परत घरी पोहोचवायचं, हे त्याचं काम. गाडीत बसणारे सगळे त्याला दादा म्हणायचे, वयानं मोठे असले तरीसुद्धा.

आणि मला शिवलं ते त्याच्या बायकोनं. तिला सगळे वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणते, आई म्हणायला हवं खरं तर. वहिनी फार देवभोळी. तिचे नेम इतके की तिलाच मोजता येत नसावेत. कुणाचं दुखणं बरं व्हावं म्हणून चहातली साखर सोडलेली, कुणाच्या परीक्षेसाठी पायात चप्पल न घालता चाळीस दिवस देवळात जाऊन आलेली. स्वतःसाठी मात्र काही मागितलेलं मी कधी ऐकलं नाही.

झालं असं, की एकदा दादानं सेंटरच्या फाटकाच्या खांबाला गाडी घासली. गाडी रिकामी होती, कुणाला लागलं नाही. पण का घासली? फोनवर आलेला निरोप वाचत होता म्हणून. घरी येऊन त्यानं ते खरं खरं सांगितलं. वहिनीनं हातातलं काम टाकलं. उठली, देवापुढे बसली, आणि बऱ्याच वेळानं उठली ती नवस बोलूनच.

"मी देवाला सांगितलंय," ती म्हणाली, "यांना सुखरूप ठेव. गाडीत बसल्यावर हे फोनला हात लावणार नाहीत."

"अगं, पण मला न विचारता?"

"देवाला विचारलंय ना."

"देव गाडी चालवतो का?"

"तोच चालवतो. तुम्ही नुसते बसलेले असता." आणि तिनं ट्रंकेतून त्याची जुनी खाकी पँट काढली. गुडघ्याला विरली होती, खाली चांगली होती. डावा पाय कापला, उजवा घडी करून परत ठेवला. संध्याकाळपर्यंत मी तयार.

नवस बायकोनं बोलायचा आणि फेडायचा नवऱ्याच्या हातांनी, ही गोष्ट मला त्या दिवशीसुद्धा जराशी खटकली होती. पण मी तासाभरापूर्वी जन्मलेली. मला कोण विचारतंय!

रोज सकाळचा आमचा ठरलेला क्रम असा. दादा खिळ्यावरून मला काढायचा, फोन आत सरकवायचा, टिच! मग वहिनी हात पुसत स्वयंपाकघरातून यायची आणि बाहेरूनच माझ्या पोटावर अंगठा दाबायची. आत काहीतरी टणक लागलं, की "या," म्हणायची. तिचं ते "या" म्हणजे शिक्का होता. मग मी गाडीत, दादाच्या सीटच्या मागच्या बाजूला, लोखंडी आकड्याला. पुढून हात पोहोचू नये अशी जागा वहिनीनं स्वतः शोधली होती.

त्यामुळे झालं काय, की माझं तोंड मागच्या माणसांकडे आलं. एक होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्या बाईच, नुसत्या. आवाज असा की गाडीत हजेरी घेतील असं वाटायचं. दुसरे टेलरकाका. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. दिवसाआड मशीनवर, म्हणजे रक्त धुणाऱ्या मशीनवर, आणि उरलेल्या दिवशी शिलाई मशीनवर.

पहिल्याच दिवशी टेलरकाकांनी मला चिमटीत धरलं आणि माझी किनार डोळ्यांजवळ नेली.

"दादा, ही टीप कुणी मारली?"

"घरून मारलीय. का हो?"

"वाकडी आहे."

"तोंडावर सांगाल का तिच्या?"

"नको बाबा. मला अजून जगायचंय, म्हणून तर दिवसाआड तिथे जातोय."

"तुम्ही दोघं कमी बोला," बाई म्हणाल्या, "आणि काका, तो हात खाली ठेवा. त्या हातानं काही उचलायचं नाही, किती वेळा सांगितलंय सिस्टरनी."

काकांच्या डाव्या हाताची एक शीर धमनीला जोडून एक जाड वाट केलेली होती. सुया तिथेच टोचायच्या. मशीनवरून उतरल्यावर त्या जागी कापसाचा घट्ट बोळा आणि वर चिकटपट्टी असायची. घरी पोहोचेपर्यंत तो हात सांभाळायचा, झटका बसू द्यायचा नाही, हे मला त्यांच्या बोलण्यातूनच कळलं. का सांभाळायचा, ते मात्र पुढे कळलं.

पहिले तीन आठवडे दादा सरळ वागला. माझ्या पोटात फोन गरम असायचा, मधूनच थरथरायचा. तो थरथरला की मीही थरथरायचे आणि बाई म्हणायच्या, "दादा, तुमची पिशवी खोकतेय." दादा हसायचा, पण वळून बघायचा नाही. मला फार अभिमान वाटायचा. चार बोटांची मी, आणि एवढ्या मोठ्या गाडीला सांभाळत होते.

मग एक दुपार आली. परतीच्या वाटेवर फोन थरथरला. थांबला. परत थरथरला. परत थांबला. तिसऱ्यांदा थरथरला. सगळ्यांना घरी सोडून दादानं मला उघडलं, आणि त्याचे हात एकदम गार पडले. तीन फोन येऊन गेले होते, तिन्ही घरून.

त्यानं लावला. "काय गं? काय झालं? बरी आहेस ना?"

"हो हो, काही नाही. साबण संपलाय, तेवढा आणा म्हणून."

"साबणासाठी तीनदा?"

"उचलला नाहीत ना, म्हणून." आणि तिच्या आवाजात एक समाधान होतं. आता बघा, उचलला नाही याचं कुणाला समाधान वाटतं? मला तिथेच वास आला. साबण नव्हे, परीक्षा होती ती! हे उचलतात का बघू या, म्हणून तिनं मुद्दाम केले होते फोन. आणि पास झाला म्हणून खूश होती.

पण दादाला ते कळलं नाही. तो बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिला. त्याचे वडील गेले तेव्हा तो असाच रस्त्यावर होता. घरून चार फोन आले होते आणि फोन गाडीतल्या कप्प्यात आवाज बंद करून ठेवलेला होता. पोहोचला तेव्हा उशीर झाला होता. हे त्यानं कधीतरी बाईंना सांगितलेलं मी ऐकलंय. वहिनीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं आणि वेळेवर आठवणं, यांत फार अंतर असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यात कुणीतरी परका शिरला.

आकार तोच. वजन जवळजवळ तेच. टिच झालं, वहिनीचा अंगठा आला, टणक लागलं, "या" झालं. पण मला आतून हुडहुडी भरली. थंडगार! ना ऊब, ना थरथर. कपाटाच्या खणात पडलेला, कधीचाच बंद पडलेला जुना फोन होता तो. मी त्याचं नाव मौनीबुवा ठेवलं. आणि खरा फोन? तो दादाच्या शर्टाच्या खिशात, हृदयाच्या बाजूला, आवाज बंद करून.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मला प्रत्येक गोष्टीचा संशय येऊ लागला. दादा खोकला, की वाटायचं खिसा लपवण्यासाठी खोकला. गाडी हळू झाली, की वाटायचं वाचतोय. माणसं गाडीत असताना तो फोन काढत नसे, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते. पण मधल्या वेळात सेंटरची खोकी आणायला रिकामी गाडी घेऊन निघाला, की एका हातानं बोलणं चालू. "हो, बोल. नाही रे, थांबलोय." थांबलोय म्हणे! खालून रस्ता धावत होता, मला आकड्यावर झोके बसत होते.

आणि वहिनी रोज सकाळी तेवढ्याच श्रद्धेनं त्या मौनीबुवावर अंगठा ठेवायची. मला इतकी लाज वाटायची की काय सांगू. मला तोंड होतं, पण ते तिनंच टिचबटण लावून बंद केलेलं.

दोन महिने असे गेले. मग शेजारीण बोलून गेली. खिळ्याशेजारच्या खिडकीतून मी ऐकलं.

"भावजींना अकराला फोन केला होता हो, यांचा डबा सेंटरजवळ द्यायचा होता. लगेच उचलला बाई. आमच्या यांच्यासारखं नाही."

"अकराला?" वहिनी म्हणाली.

"हो, अकराला. गाडीतच होते वाटतं, हॉर्न ऐकू येत होते."

शेजारीण गेली. वहिनी स्वयंपाकघरात बराच वेळ काही हलवत नव्हती. भांड्याचा आवाज नाही, नळाचा नाही. आता मला कळतं, संशय घरात शिरला की आधी आवाज बंद करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा अंगठा माझ्या पोटावर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला. उघड, मी मनात म्हणत होते, उघडून बघ! एक टिच आणि सगळा उलगडा! पण तिनं उघडलं नाही. उघडून बघणं म्हणजे नवऱ्यावर अविश्वास, असं तिला वाटलं असेल. त्यापेक्षा लांबून तपासणं तिला सोपं वाटलं.

"या," ती म्हणाली. त्या दिवशीचं "या" कोरडं होतं.

साडेअकरा वाजून गेले असतील. परतीची वाट. बाई पुढे रस्त्याकडे बघत बसल्या असाव्यात. टेलरकाका चार तासांनी गळून गेलेले, पण जीभ चालू होती. "आज दोन किलो पाणी काढलं दादा माझ्यातून. विहीर आटली." दादा हसला. आणि मग हसता हसता मध्येच थांबला.

खिशात उजेड झाला असणार. पडद्यावर 'घर' आलं असणार.

माणसं गाडीत असताना उचलायचा नाही, हा त्याचा स्वतःचा नियम होता. चोरीतही माणूस नियम पाळतो. पण ते 'घर' होतं. पहिल्यांदा थरथरून थांबला. मी श्वास सोडला. दुसऱ्यांदा थरथरला, तेव्हा त्याचा हात खिशात गेला.

"हॅलो? काय गं, काय..."

मला दिसलं नाही. मी फक्त ऐकलं. बाईंची किंकाळी, "दादा, पुढे!", आणि ब्रेक. मी आकड्यावरून उडून परत आपटले. पुढे एक सायकल होती म्हणतात. मागे दुधाचे कॅन बांधलेला एक माणूस वळत होता. सायकलला धक्का लागला नाही. हातभर अंतर राहिलं. तो माणूस चार शिव्या देऊन निघूनही गेला.

पण झटका बसताच टेलरकाकांनी पुढची सीट धरली होती. डाव्या हातानं. पट्टी सुटली, बोळा घसरला, आणि त्या वाटेतून रक्त आलं. ती वाट मनगटातल्या नाडीसारखी जिवंत असते. तिच्यातून रक्त ठिबकत नाही, उसळतं.

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं नाही. समोर मी होते, जाड, मऊ, घडीची. त्यांनी मला आकड्यावरून हिसकलं, माझं टिचबटण ताडकन तुटलं, मौनीबुवा बाहेर पडून गाडीच्या पत्र्यावर खडखडत गेला, आणि बाईंनी बोळ्यासकट मला त्या जागेवर दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"दादा, गाडी वळवा. सेंटर. बोलू नका, रडू नका, रस्ता बघा."

सगळ्यांना दिसलं. खाली पडलेला एक फोन, मेलेला. आणि पुढच्या सीटवर पडलेला दुसरा, जिवंत, ज्याच्यातून एक बाई सारखी विचारत होती, "हॅलो? अहो? काय झालं? अहो, बोला ना!"

तो कुणी उचलला नाही. पाच मिनिटांची वाट. त्या पाच मिनिटांत काकांच्या हाताची ऊब माझ्या अस्तरापर्यंत आली. मी त्या दिवशी पहिल्यांदा माझं खरं काम केलं, असं मला कधी कधी वाटतं. सेंटरमध्ये सिस्टरनी ते नीट थांबवलं, पट्टी बांधली, तासभर बसवून ठेवलं. काका वाचले. देवाची कृपा, आणि बाईंच्या मनगटांची.

घरी दादानं काही लपवलं नाही. रक्तानं भिजलेली मी आणि मौनीबुवा, दोघांना ओट्यावर ठेवलं.

"मी तुला फसवलं," तो म्हणाला. "दोन महिने."

मला वाटलं, आता ही बोलेल. हिला हक्क आहे. पण वहिनी खाली बसली. नुसती बसली.

"तो फोन माझा होता," ती म्हणाली.

"होताच. घरचा होता म्हणून तर..."

"कशाला केला होता विचारा." दादानं विचारलं नाही. "तुम्ही उचलता का, ते बघायला केला होता. काही काम नव्हतं. मागे तीनदा केला तेव्हाही नव्हतं. साबण होता घरात."

दादानं मौनीबुवा ओट्यावर पालथा केला. म्हणाला, "त्या तीन फोनांनीच मी बिघडलो गं. मला वाटलं, कुणीतरी गेलं."

मग तिनं मला गार पाण्यात भिजत घातलं. गार पाण्यातच घालावं लागतं, गरमानं डाग पक्का होतो. चोळलं, परत चोळलं. डाग फिका झाला, गेला नाही. अजून आहे, झाकणाच्या खाली, पानाएवढा.

सेंटरनं दादाला काढलं नाही, पण टेलरकाका गाडीत येईनात. पुढच्या दोन्ही खेपांना ते आपल्या भाच्याच्या गाडीनं गेले. भाच्याची नोकरी दूर, दर खेपेला जमणार नव्हतं. मशीन चुकलं तर काकांच्या अंगात पाणी चढणार, श्वास लागणार. सगळ्यांना ते ठाऊक होतं, काकांना सर्वांत जास्त. पण ते म्हणाले होते, "ज्या गाडीत विश्वास नाही तिच्यात पाय ठेवायचा नाही." बाई गाडीत एकट्याच बसायच्या आणि कुणाची हजेरी घ्यायच्या नाहीत.

तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी वहिनीनं मला ओच्यात घेतलं आणि ती एकटीच टेलरकाकांच्या दुकानात गेली. मशीन चालू होतं. पावलाचा आवाज ऐकून थांबलं.

"काका, मी दादांची..."

"ओळखलं. वाकडी टीप."

वहिनीला काही कळलं नाही. तिनं मला पुढे केलं आणि सगळं सांगितलं. साबणापासून. काहीही गाळलं नाही. काका ऐकत होते. मध्येच म्हणाले, "म्हणजे पोहता येतं का बघायला माणसाला पाण्यात ढकललंत."

"हो."

"आणि दादा सांगायचे तो नवस काय होता?"

तिनं तोही सांगितला.

"वहिनी, राग मानू नका. नवस तुमचा, हात त्यांचे, आणि रक्त माझं. असा कसा हो हिशेब?"

वहिनी रडेल असं मला वाटलं. रडली नाही. "चुकला," म्हणाली. "देवापुढे बसून तो मी परत घेतला. आता माझ्या हातांनी पाळता येईल असाच बोलणार आहे. हे घरातून निघाले, की घरी परत येईपर्यंत मी यांना फोन करणार नाही. आकाश कोसळलं तर सेंटरच्या सिस्टरना कळवीन, त्या यांना पोहोचल्यावर सांगतील. तुम्ही गाडीत या, एवढंच मागायला आलेय. यांच्यासाठी नाही. तुमचं मशीन चुकायला नको."

काकांनी मला हातात घेतलं. अंगठ्यानं कापड चोळलं, उलटं केलं, शिवण बघितली. त्या हातात राग नव्हता. संशय मात्र होता, आणि तो मला आवडला. आपल्यातला वाटला.

"पँटचा पाय आहे हा. डावा. उजवा कुठाय?"

"ट्रंकेत."

"घेऊन या."

"कशाला?"

"तुमचा फोन काय उघडा ठेवणार? हात शिवशिवणारच. तुम्ही निश्चय कराल, बोटं नाही करणार."

ती अर्ध्या तासात परत आली. काकांनी उजव्या पायातून माझी बहीण शिवली, माझ्याच मापाची. एकच हात वापरून, दुसरा नुसता टेकवून. टीप अशी सरळ की मी बघतच राहिले, म्हणजे चाचपतच राहिले. मग मला घेतलं. वहिनी म्हणाली, "हिची टीप पण उसवून नीट करा काका."

"नको. वाकडी आहे, पण पक्की आहे. त्या दिवशी बाईंनी एवढं ओढलं तरी शिवण सुटली नाही, बटण तुटलं." आणि त्यांनी मला नवं टिचबटण बसवलं. दोनदा उघडून, दोनदा लावून बघितलं. टिच. टिच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या दारात गाडी थांबली. दार उघडलं. कुणी चढलं नाही. मग एक हात आत आला, माझ्या पोटावर अंगठा दाबला, तिथेच ठेवला. ऊब लागेपर्यंत.

"गरम आहे," काका म्हणाले, आणि आत बसले.

"काका, तो हात खाली ठेवा," बाई म्हणाल्या.

त्याला आता दीड वर्ष झालं. माझी किनार विरली आहे, डाग तसाच आहे, आकड्याजवळ एक ठिगळ आलंय. वहिनी सकाळी माझ्यावर अंगठा ठेवत नाही. ती फक्त आपला फोन माझ्या बहिणीत टाकते आणि बटण लावते. दादा मला लावतो. टिच, टिच, एकामागून एक. मग "या." ते "या" आता ओलं असतं.

मधूनच मी थरथरते. दादा बाजूला जागा बघतो, गाडी थांबवतो, इंजिन बंद करतो, हँडब्रेक ओढतो, उतरतो, मागचं दार उघडतो, आणि मग मला. परवा एवढं सगळं करून फोन उचलला, तर पलीकडून कुणीतरी प्लॉट विकत होतं. काका इतके हसले की बाईंना त्यांचा हात धरावा लागला.

मी संशयी आहे ती आहेच. रात्री आम्ही दोघी बहिणी एकाच खिळ्यावर टांगलेल्या असतो, तेव्हा मी तिची उलटतपासणी घेते. आज उघडलं का तुला? कितीदा? खरं सांग.

आणि तुम्हालाही सांगते. गाडी चालवणाऱ्याला फोन दूर ठेव म्हणून सगळेच सांगतात. माझी विनंती घरी बसलेल्यांना आहे. तुमचं माणूस रस्त्यावर आहे हे ठाऊक असताना, नुसतं मन राहवत नाही म्हणून फोन फिरवू नका. प्रेमानं फिरवला तरी रस्त्याला ते कळत नाही. आणि चाकामागे बसणाऱ्यांनो, घरचा फोन असला तरी आधी गाडी थांबवा. वाईट बातमी असेल तर ती दोन मिनिटांनी तेवढीच वाईट राहील. तुम्ही मात्र उचलायला उरायला हवेत.

काल दादा दोन तास उशिरा आला. टायर पंक्चर झालं होतं, जॅक मिळत नव्हता. आम्ही घरी पोहोचलो तेव्हा वहिनी दारातच होती. "उशीर झाला गं, टायर गेला," तो म्हणाला. "हो का? हातपाय धुवा," ती म्हणाली, जणू घड्याळाकडे तिनं दिवसभर पाहिलंच नव्हतं.

रात्री मी बहिणीला विचारलं.

ती म्हणाली, "एकदा उघडलं मला. दीड वाजता. फोन काढला, हातात धरला. तिचा हात फार कापत होता गं. तोंडानं देवाचं नाव घेत होती. मग परत आत ठेवला."

"नंबर लावला?"

"नाही."

"नक्की?"

"तुला काय वाटतं?"

शेजारच्या खोलीत वहिनीनं दिवा मालवला. दादा आधीच घोरत होता.

"मला वाटतं, नाही लावला," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणावर तपासून न बघता विश्वास ठेवला, आणि वाकड्या टिपेची का असेना, माझी शिवण कुठेही उसवली नाही.